काळवंडलेली अंगठी

१

उजाडलं तेव्हा कुशीत पाणी दिसतच नव्हतं. दिसत होती ती नुसती माशांची पोटं, पांढरी, फुगलेली, काठाने एकमेकांना चिकटून राहिलेली.

सरोवर इतकं मोठं होतं की पलीकडचा काठ हवा स्वच्छ असेल तरच दिसे. त्याचा एक फाटा दोन टेकड्यांच्या मधून वस्तीपर्यंत आत शिरला होता. वादळवाऱ्यात होड्या तिथे निर्धास्त राहत, म्हणून त्याला सगळे कूस म्हणत. कुशीच्या तोंडाशी तळ एकदम खोल जातो. नेमके तिथेच पिंजरेवाल्याचे तरंगते पिंजरे होते. जाळीच्या त्या चौकोनांत तो मासे वाढवी, आणि आज त्यातला एकही मासा हलत नव्हता.

माशांची डॉक्टर जीपमधून उतरली तेव्हा काठावर अख्खी वस्ती जमली होती. मत्स्य खात्यात ती माशांच्या रोगांचं काम पाही. या नोकरीची तिच्या सासरी अजूनही थट्टा चाले. नणंद तर पाहुण्यांसमोर हटकून तिच्याकडे खोकल्याचं औषध मागे. इथे मात्र कुणाला थट्टा सुचत नव्हती. बायका पदर नाकाला लावून उभ्या होत्या. कुजक्या अंड्यांसारखी घाण सुटली होती आणि ती माशांच्या नेहमीच्या वासाहून वेगळी होती. डॉक्टरने ते मनात टिपून ठेवलं.

गर्दीतून वाट काढत फौजदार पुढे आला. माणूस मनाने वाईट नव्हता, पण सकाळपासून वरच्या साहेबांचे फोन घेऊन घेऊन त्याचा कान लाल झाला होता. त्याने सांगितलं ते असं : वस्तीला पिण्याचं पाणी याच कुशीतून जातं, नळ सकाळीच बंद केलेत, आणि पिंजरेवाल्याची माणसं काठ्या घेऊन कुशीत जाळी टाकणाऱ्या जाळेवाल्यांच्या घरांवर निघाली होती, त्यांना जेमतेम थोपवलंय.

"तुम्हाला उगाच त्रास झाला, मॅडम," तो म्हणाला. "विष घालणारा सापडलाय."

"कुणी पकडलं?"

"कुणीच नाही. स्वतःच्या पायांनी चालत चौकीत आला आणि म्हणाला, मीच मारले."

२

चौकी म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकावर एक म्हातारा ताठ बसला होता. जाळेवाल्यांत तो सगळ्यात वडीलधारा. लहानथोर त्याला काका म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात तो आणि त्याची लेक अशी दोनच माणसं. लेक रंगाच्या कारखान्यात कामाला होती.

फौजदाराकडे त्याच्याविरुद्ध पुरावा भरपूर होता. पिंजरे आले तेव्हापासून कुशीचं तोंड जाळेवाल्यांना बंद झालं होतं आणि काका पिंजरेवाल्याला पाण्यात पाहायचा. "तुझे पिंजरे एक दिवस रिकामे होतील आणि मी काठावर बसून बघेन," असं तो चारचौघांत बोलला होता. त्या पहाटे तो होडी घेऊन कुशीत होता. आणि होडीत सापडला होता शेतात फवारायच्या औषधाचा कॅन.

डॉक्टरने कॅन हातात घेतला. झाकण डांबराने बंद केलेलं होतं आणि गळ्याशी दोरीने घासून घासून खोबण पडली होती. तिने काही न बोलता तो खाली ठेवला, खुर्ची ओढून काकासमोर बसली आणि औषध कुठे ओतलं ते विचारलं.

काठाच्या लव्हाळ्यात, असं तो म्हणाला. किती, तर सगळा कॅन. कशाने उघडला, यावर त्याने एकदा कॅनकडे पाहिलं. मग हाताने उघडला म्हणाला.

"काका, हा कॅन गेल्या कित्येक महिन्यांत उघडलेला नाही. हा रिकामा आहे, तुमचं जाळं पाण्यावर धरणारा तरंगा आहे."

"दुसरा होता. फेकून दिला."

बोलताना त्याने डावा हात मांडीखाली सारला. तेवढ्यात डॉक्टरला बोटातली अंगठी दिसली होती. चांदीची, जाड, बहुधा लग्नातली. ती कोळशासारखी काळी पडली होती. अंगठीबद्दल विचारताच म्हाताऱ्याने मान वळवली. म्हणाला, काल संध्याकाळपर्यंत ती लखलखीत होती, पहाटे जाळं ओढून आलो आणि पाहतो तर अशी. देवानेच तोंड काळं केलं, दुसरं काय.

"तुमच्या लेकीला कळलंय का, तुम्ही इथे आहात ते?"

एवढा वेळ ताठ बसलेला माणूस एकदम पुढे झुकला.

"तिला यात आणू नका, बाई. तिचा काही संबंध नाही. लिहून घ्या काय लिहायचं ते आणि मोकळे व्हा."

बाहेर आल्यावर फौजदाराने विचारलं, आता काय शंका उरली?

"तो खोटं बोलतोय," डॉक्टर म्हणाली. "आणि कुणासाठी ते त्याने आत्ताच सांगितलं."

३

लोकांचे जबाब घेण्याआधी तिने माशांकडे मोर्चा वळवला. काठावर गोणपाट अंथरून तिने एकेक मासा चिरला. सगळ्यांची तोंडं उघडी होती आणि कल्ले फाकलेले, जणू श्वास घेता घेताच जीव गेला होता. दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली ती अशी, की मोठे मासे गेले होते पण बोटाएवढी पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात अजून वळवळत होती. औषधाने मरायचे तर आधी लहान मरतात.

मग ती लव्हाळ्यात शिरली. विष इथेच ओतलं, असं काका म्हणाला होता. पाण्यावर लांब पायांचे किडे निवांत घसरत होते. फवाऱ्याच्या औषधाचा थेंब जरी पडता, तरी सगळ्यात आधी ते किडे आटोपले असते. लव्हाळ्याच्या बुडाशी एकदम पाणी हललं आणि एक मरळ वर आली, तिने हवेचा घोट घेतला आणि ती परत खाली गेली. थोड्या वेळाने दुसरी. बाकी मासे मेले होते आणि मरळ जिवंत होती. डॉक्टर तिथेच चिखलात उभी राहिली आणि बराच वेळ त्या मरळींकडे बघत राहिली.

चिखल जरा जास्तच होता. काठाच्या होड्या निम्म्या कोरड्या पडल्या होत्या, म्हणजे पाणी मागे सरकलं होतं. आणि गेले काही आठवडे अंगाची लाही होत असताना हे पाणी पायांना झोंबण्याइतकं गार होतं.

पिंजरेवाला पिंजऱ्यांमधल्या फळीवर बसून होता. धट्टाकट्टा, गरम डोक्याचा म्हणून नावाजलेला माणूस. पण आता त्याच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. माझ्याकडे वस्तीतली चाळीसेक माणसं कामाला आहेत, उद्या त्यांना काय तोंड दाखवू, एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत होता. डॉक्टरने त्याला बोलू दिलं. त्याच्या बोलण्यातून कळलं ते असं : उन्हाळाभर वाऱ्याची झुळूक नव्हती, पाणी आरशासारखं पडून होतं. मासे खाद्य मागत होते म्हणून तोही सढळ हाताने टाकत होता. मग परवा टेकड्यांकडून वारा सुटला तो कालची अख्खी रात्र घोंघावत राहिला, बाहेर सरोवराकडे. पहाटे पडला. उजाडताना माणसं आली तर हे असं.

"पहिल्यांदा कुठे मेले? काठाला की इथे?"

"इथे, माझ्याकडे. मग आत आत मरत गेले."

डॉक्टरने काठाकडे पाहिलं. कुशीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात रंगाच्या कारखान्याचा पाइप पाण्यावर डोकावत होता. पाइपाजवळ एक तरुण बाई उभी होती. डॉक्टरची होडी तिकडे वळताच ती झपाझप चालू लागली.

४

ती काकाची लेक होती. कारखान्याच्या पंपखोलीत तिची ड्यूटी असे. चार भिंती, दोन पंप, आणि बाहेर टाकायच्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं मोठं लोखंडी चाक. डॉक्टर आत आली तेव्हा ती त्या चाकाला पाठ टेकून उभी होती. रडून डोळे सुजले होते.

डॉक्टरने स्टुलावर बसून आधी पाणी मागितलं. पोरीने ग्लास भरून दिला.

"मी केलं," ती एकदम म्हणाली. "मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं, पहाटे रंगाचं पाणी सोडून दे. मी व्हॉल्व्ह उघडला. मासे त्यानेच मेले. बाबांना सोडा आणि मला न्या."

फौजदार दारात उभा होता. त्याने कपाळाला हात लावला.

डॉक्टरने ग्लास खाली ठेवला. म्हणाली, आत्ता येताना मी तुमच्या पाइपाशी होडी लावली होती. पाइपाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यात जुनी सुकलेली चिलटं आहेत. त्यातून पहाटे हंडाभर पाणी जरी सुटलं असतं तरी ते जाळं उरलं नसतं. खालच्या चिखलावर रंगाचा डागसुद्धा नाही.

पोरगी भिंतीशी खाली बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेबांनी पाणी सोडायला सांगितलं होतं हे खरं होतं. कारखान्याची टाकी भरली की असं चोरून सोडतात. या महिन्यात मात्र तिने काही ना काही निमित्त काढून ते टाळलं होतं. आज टाळणं जमेना म्हणून पहाटे ती आली, चाकावर हात ठेवला आणि समोर खिडकीतून पाहिलं. कुशीत पांढरं पांढरं काहीतरी तरंगत होतं. तिने हात काढून घेतला. घरी पळाली तर बाबा नुकतेच होडी लावून आलेले. बोलले नाहीत, डोळ्याला डोळा दिला नाही.

"आणि मग?"

"त्यांच्या बोटात आईच्या नावाची अंगठी आहे. त्यांनी ती कधी काळी पडू दिली नाही, रोज राख लावून पुसतात. आज ती काळी होती." ती पुढे म्हणाली, "औषध हाताळल्याशिवाय अशी होईल का? ते सगळ्यांसमोर बोलून बसले होते, पिंजरे रिकामे होतील म्हणून. मला वाटलं, म्हातारपणी त्यांना तुरुंगात कसं पाठवू."

डॉक्टर उठली. फौजदाराने बाहेर येताच दबक्या आवाजात विचारलं, म्हणजे बापही नाही, लेकही नाही. मग विष घातलं कुणी?

"विष घातलंच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना पिंजऱ्यांवर बोलवा. मी तिथेच दाखवते. आणि मारणारा अजून तिथेच आहे."

५

दुपार कलली होती. पिंजऱ्यांच्या फळ्यांवर माणसं दाटीने उभी राहिली. काका एका टोकाला, शेजारी शिपाई. लेक दुसऱ्या टोकाला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

डॉक्टरने दोरीला जड बाटली बांधली आणि खाली सोडली. दोरी सरकत गेली, सरकत गेली. खूप खोल गेल्यावर तिने झटका देऊन बूच उघडलं आणि बाटली वर ओढली. पाणी दिसायला स्वच्छ होतं. तिने ते फौजदाराच्या नाकाशी धरलं आणि तो मागे सरला. तोच कुजक्या अंड्यांचा वास.

मग तिने स्वतःच्या कानातलं चांदीचं डूल काढून बाटलीत टाकलं आणि बूच लावलं. ते पाण्यात तसंच राहू देऊन तिने सांगायला सुरुवात केली.

उन्हाळ्यात वारा नसला की मोठ्या सरोवराचं पाणी एकात एक मिसळत नाही. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि गार, जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. वरून मात्र पडत राहतं ते सगळं : माशांचं उरलेलं खाद्य, त्यांची विष्ठा, वस्तीचं सांडपाणी, शेतांतून वाहून आलेलं खत. ते तळाशी कुजतं, उरलासुरला प्राणवायू संपवतं, आणि त्यातून हा घाणेरडा वायू तयार होतो. तो माशाला विषासारखाच. झाकण असतं तोवर वर काही कळत नाही.

"परवा वारा सुटला तो बाहेरच्या दिशेने. वरचं ऊबदार पाणी त्याने पलीकडच्या काठाला ढकलत नेलं. म्हणून इथे होड्या चिखलात बसल्या."

फौजदाराला आठवलं. त्याचा मेहुणा पलीकडच्या काठाला राहतो. धक्क्याच्या पायऱ्या सकाळी पाण्याखाली होत्या आणि मासे मात्र रोजच्यासारखे उड्या मारत होते, असं तो फोनवर म्हणाला होता.

"वरचं पाणी गेलं, तेव्हा त्याची जागा खालच्या पाण्याने घेतली. ते वर आलं ते या खोल जागेतून, म्हणून पिंजरे आधी मेले. मग ते आत शिरलं. पिंजऱ्यातल्यांना पळायला वाटच नव्हती. मोठ्या माशांना जास्त हवा लागते, ते आधी गेले. पिल्लं उथळ काठाला तगली. किडे वाचले, कारण ते पाण्यातून श्वास घेत नाहीत. मरळ वाचली, कारण ती वर येऊन हवा पिते. विष ओतलं असतं तर किडे वाचले नसते. कारखान्याचं पाणी असतं तर मरण पाइपाजवळून सुरू झालं असतं. आणि या पाण्यात पहाटे जाळं ओढणाऱ्याचे हात..."

तिने बूच काढलं. डूल बाहेर काढून तळव्यावर ठेवलं.

ते काळं पडलं होतं.

फळ्यांखाली पाणी डुचमळत होतं. काकाने स्वतःच्या अंगठीकडे पाहिलं, मग त्या डुलाकडे, आणि मग पहिल्यांदाच फळीच्या दुसऱ्या टोकाकडे.

"तू चाकाशी उभी होतीस," तो म्हणाला. "मी होडीतून पाहिलं. चाकावर हात ठेवून."

"आणि तुमची अंगठी मी पाहिली, बाबा."

"म्हणजे तुला वाटलं मी?"

"तुम्हाला वाटलं मी."

शिपाई बाजूला झाला. लेक डुगडुगत्या फळ्यांवरून चालत त्याच्यापाशी आली आणि त्याचा काळ्या अंगठीचा हात तिने दोन्ही हातांत धरला. लोकांनी उगाच इकडेतिकडे बघितलं.

६

फौजदाराची पंचाईत मात्र संपली नव्हती. वरून नाव मागत होते. साहेबांना काय कळवू, वाऱ्याला बेड्या घातल्या म्हणून कळवू का, असं तो डॉक्टरला म्हणाला. तिने सांगितलं, दोन गोष्टी कळवा. चोरून पाणी सोडणाऱ्या कारखान्याची चौकशी लावा, त्याने आज मारले नसले तरी तळाच्या घाणीत त्याची भर आहेच. आणि नगरपालिकेचं सांडपाणी थेट कुशीत येतं, तेही लिहा. लेकीने आपला जबाब स्वतः सही करून दिला. नोकरी जाईल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पिंजरेवाला सगळे गेल्यावरही फळीवरच होता. डॉक्टर त्याच्याजवळ गेली तेव्हा त्याने वर न बघता विचारलं, "म्हणजे मीच मारले म्हणा की."

"एकट्याने नाही," ती म्हणाली. "पण तुमचा वाटा आहे. इतके पिंजरे एका जागी, आणि तळ असा खोल बंदिस्त. खाद्य निम्म्यावर आणा. पिंजरे कमी करा, बाहेर खेळत्या पाण्यात न्या. तरीही तळ लगेच सुधारणार नाही. हे पाणी साफ व्हायला वर्षं लागतात. पुन्हा असा उन्हाळा गेला आणि असा वारा सुटला, तर हे पुन्हा होईल."

त्याने काठावरच्या जाळेवाल्यांच्या घरांकडे पाहिलं. काठ्या घेऊन आपणच माणसं धाडली होती, हे त्याला त्या वेळी आठवत असावं. त्याचा चेहरा पडला होता. डॉक्टरला त्याची कीव आली. आपलंच बुडालं आणि वर दोषही आपल्याच माथी आला, असा माणूस तिने त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नमुने घेऊन निघायच्या तयारीत होती. काठापासून लांब, वरच्या पडीक जमिनीवर जाळेवाल्यांनी मेलेले मासे पुरायला लांबलचक चर खणायला घेतला होता. काका कंबरभर खाली उतरून माती उपसत होता आणि लेक घमेली वर घेत होती. तेवढ्यात पिंजरेवाला आला. एकटाच होता, खांद्यावर फावडं. सगळ्यांचे हात थांबले. तो चराच्या काठाशी येऊन उभा राहिला आणि खाली उतरायला जागा शोधू लागला. माती भुसभुशीत होती, कुठे पाय ठेवावा ते त्याला कळेना.

काकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग फावडं बाजूला ठेवलं, हात वर केला आणि म्हणाला, "इकडून उतर. तिकडची कड ढासळते."